राखून ठेवलेला अभिप्राय

"बंद करा आधी तो स्पीकर, वायर जळतेय कुठंतरी," असं म्हणत डॉक्टर हेरवाडे खुर्चीतून उठले, तेव्हा गाणं नुकतंच सुरू झालं होतं. खरखर येत होती खरी. कढईत तेल तापताना आवाज करतं तशी बारीक, न थांबणारी, आणि तिच्या खाली कुठंतरी खोल एक संथ ठोका. डॉक्टर वाकून स्पीकरच्या मागं हात घालायला लागले, तशी माझी भाची चारुता उठून म्हणाली, "असू दे डॉक्टर, ती खरखर गाण्यातलीच आहे. मुद्दाम घातलीय."

सगळे हसले. नरगुंदे मास्तरांनी जन्मभर पेटी शिकवली, आणि बोलताना त्यांचा स्वर नेहमी काळी पाचमध्ये असायचा. ते मागच्या रांगेतून म्हणाले, "आम्ही मखमलीच्या फडक्यानं रेकॉर्डी पुसून पुसून म्हातारे झालो. आता धूळ विकत आणायची होय?"

चारूही हसली. तिनं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

ही गोष्ट मिरजेतली, आमच्या श्रवण मंडळातली. वाचनालयाच्या माडीवर रविवारी सकाळी आम्ही पंचवीस-तीस माणसं जमायचो आणि ध्वनिमुद्रणं ऐकायचो. माझे यजमान मंडळाचे चिटणीस. हळदीची पेढी मुलाच्या हवाली करून ते उरलेला सगळा वेळ गाणं ऐकण्यात घालवत. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणत, आणि पाठीमागे मीही. मंडळाचा नियम त्यांनीच घातलेला होता. गाणं लावायचं, पण कोण गातंय ते सांगायचं नाही. सगळं ऐकून झालं की एकेकानं अभिप्राय द्यायचा, शेवटचा अभिप्राय चिटणिसांचा, आणि मग ज्यानं मुद्रण आणलं त्यानं उठून नाव सांगायचं. नाव आधी कळलं की माणूस नावच ऐकतो, गाणं ऐकत नाही, असं अण्णांचं म्हणणं. या नियमापायी मोठ्यामोठ्यांची फजिती झाली होती. कुणी एकदा आपल्याच गुरूला कच्चा म्हणून बसला होता.

त्या रविवारी चारूच्या गाण्यात जी बाई गाणार होती, ती मी होते. हे चारूला आणि मला सोडून कुणालाही ठाऊक नव्हतं.

चारू माझ्या धाकट्या भावाची मुलगी. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. त्या वर्षी तिला कावीळ झाली आणि पथ्यपाणी नीट व्हावं म्हणून भावानं तिला माझ्याकडं पाठवलं. येताना ती ऑफिसचा लॅपटॉप, कानाला लावायचे भलेमोठे हेडफोन आणि एक माइक घेऊन आली. पडल्यापडल्या गाणी तयार करायची. त्या प्रकाराला ट्रिप-हॉप म्हणतात, असं तिनं मला सांगितलं. ठेका झोपाळू, खाली जाड खर्ज, मध्ये जुन्या रेकॉर्डींचे तुकडे, आणि वर कुणीतरी कानाशी बोलल्यासारखं गातंय. ठेका आणि बाकीचं तिला हवं तसं जमलं होतं, गाणं मात्र जमत नव्हतं. स्वतःचा आवाज ऐकून ती म्हणायची, "शाळेच्या प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी वाटते मी."

एका दुपारी मी मेथी निवडत होते. तिचं ते गाणं दिवसभर कानावर पडून पडून माझ्या तोंडात बसलं होतं. 'रात्र सरली की सांग, मी जागीच आहे अजून.' शब्द तिचेच. मी ते पुटपुटत होते, म्हणत होते म्हणायलाही संकोच वाटावा इतकं हळू. चारू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती ते मला कळलंच नाही.

"आत्या, पुन्हा म्हण."

मी काहीतरी सबब सांगितली. ती ऐकेना.

माझा आवाज जाड आहे, घोगरा. लहानपणी जैन बस्तीत आरतीला मी तोंड उघडलं की आई कोपर मारायची. अण्णा मला बघायला आले तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, गाणं येतं का. वडील घाईघाईनं म्हणाले, सध्या सर्दी आहे तिला, आवाज बसलाय. ती सर्दी पुढं चाळीस वर्षं टिकली. ज्या घरात सकाळी चहाच्या आधी तंबोरा ऐकू यायचा त्या घरात मी आरतीलाही टाळ्या वाजवून नुसते ओठ हलवत आले. अण्णांनी कधी म्हण म्हटलं नाही, मी कधी म्हटलं नाही. त्यात कुणाचा राग नव्हता की रुसवा नव्हता. फक्त रविवारी माडीवर डोळे मिटून कुणाकुणाला ऐकताना त्यांचा चेहरा जसा व्हायचा, तो माझ्याकडं वळून तसा कधी झाला नव्हता.

अण्णा पेढीवर चक्कर मारायला गेले की चारू खोलीत गाद्या उभ्या करायची, खिडक्यांवर गोधड्या टांगायची आणि मला मध्ये बसवायची. आवाज घुमू नये म्हणून. माइक इतका जवळ की श्वासही टिपला जाई. मी म्हटलं, श्वास काढून टाक. ती म्हणाली, "श्वासच तर पाहिजेत मला, आत्या."

ते गाणं तिनं एका वेबसाइटवर टाकलं. तिथं देशोदेशीची हौशी माणसं एकमेकांची गाणी ऐकून मतं देत. ती मला वाचून, मराठीत करून सांगायची. ठोका कोरडा आहे. खर्ज गढूळ झालाय, सगळ्यांत मिसळतोय. आवाज फार पुढं आलाय, थोडा मागं ढकल. बाकी नुसतं छान, छान. चारू वैतागली. पुण्यातली काही मंडळी नव्या मुलांच्या गाण्यांची सीडी काढणार होती आणि महिनाअखेर तिला गाणं पाठवायचं होतं. "ही माणसं ऐकत नाहीत गं, चाळतात," ती म्हणाली. "तुमच्या मंडळाला ऐकवते. तुमची माणसं निदान शेवटपर्यंत बसतात तरी."

अण्णांनी लगेच होकार दिला. गाणं कसलंही असो, पूर्ण ऐकायचं एवढीच त्यांची अट. मग चारूनं मला विचारलं, नाव सांगू ना?

मी सांग म्हणाले. त्या रविवारी मी नारायणपेठी नेसून गेले. मी मनात सगळं मांडून ठेवलं होतं. अण्णा डोळे मिटून ऐकतील, दोन शब्द बरे बोलतील, मग चारू उठेल आणि माझं नाव घेईल.

माझा आवाज सुरू झाला तेव्हा पहिल्यांदा तो मला ओळखूच आला नाही. घरी हेडफोनमध्ये तो माझ्यापुरता होता. इथं दोन मोठ्या स्पीकरांतून तो सगळ्या माडीवर पसरला, खुर्च्यांच्या खालून, पंख्यांच्या वरून. माझे श्वास लोकांच्या अंगावर जात होते. न्हाणीघराचं दार कुणी अचानक उघडावं तसं मला झालं. मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला.

मग मी अण्णांकडं बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. 'मी जागीच आहे' या शब्दांवर त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं नाही, स्पीकरकडं बघितलं नाही. पायातल्या चपलांकडं बघत ते गाणं संपेपर्यंत तसेच बसून राहिले. ओळखलं होतं त्यांनी. चाळीस वर्षं पाणी देऊ का, औषध घ्या असं ऐकलेला आवाज होता तो.

गाणं संपलं आणि अभिप्राय सुरू झाले. डॉक्टर हेरवाडे म्हणाले, ठेका चांगला आहे पण झोपेत चालणाऱ्या माणसासारखा, कुठं आपटेल याची भीती वाटते. दुसरं कुणी म्हणालं, खालचा खर्ज छातीत बसतो, तो थोडा उचलला तर वरचं गाणं मोकळं होईल. चारू भराभर मान डोलवत होती, सगळं पटत होतं तिला. मग नरगुंदे मास्तर गाणाऱ्या बाईकडं वळले.

"बेसूर नाही म्हणणार मी. पण ही सुरावर उभी राहत नाही, सुराच्या खालच्या पायरीवर बसते. आणि धापा किती. दम्याचं औषध सांगा हो डॉक्टर तिला."

डॉक्टरांनी खिशातून पेन काढून हवेत लिहिल्यासारखं केलं. माडी हसली. कुणीतरी म्हणालं, घेतलेली असणार थोडी. पुन्हा हसू. मी चारूकडं बघत होते. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती मोडता घालू शकत नव्हती. नियमच तसा होता, मुद्रण आणणाऱ्यानं मध्ये बोलायचं नाही.

माझ्या शेजारी कुंदाताई दीक्षित होत्या. त्यांनी गावातल्या दोन पिढ्यांना गाणं शिकवलं होतं. वाईट बाई नव्हे, माझ्या सुनेच्या बाळंतपणात रात्रभर माझ्यासोबत बसलेली बाई. त्या शांतपणे म्हणाल्या, "सुराचं सोडा. हा आवाज घरातल्या बाईचा नाही. घरंदाज बाई अशी गात नाही." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "काय विजयमाला, खोटं बोलते का मी?"

मी मान हलवली. म्हणजे, बरोबर आहे तुमचं, अशी.

आता अण्णांची पाळी होती. ते उठले, चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. माडी थांबली. ते म्हणाले, "माझा अभिप्राय मी राखून ठेवतो. आणि आज नाव सांगायचं नाही."

कुजबुज झाली. मंडळ सुरू झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलंसुद्धा, नियमाचं काय अण्णा? अण्णा म्हणाले, नियम मी केला आहे, आज मी मोडतो. मग त्यांनी नेहमीच्या एका जुन्या यमनाची टेप लावायला सांगितली आणि डोळे मिटले.

घरी येताना ते चार पावलं पुढं चालत होते. नेहमीच चालायचे, पण त्या दिवशी मला ती चार पावलं फार लांब वाटली. चारू रागानं म्हणत होती की अण्णांनी मध्येच का अडवलं, नाव सांगितलं असतं तर सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली असती. मला ती तोंडं डोळ्यांसमोर दिसत होती. सगळ्यांत आधी अण्णांचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपला नियम मोडला, तो माझं नाव त्यांच्या नावाला चिकटू नये म्हणून, असं मी धरून चालले. आणि त्यांची चूक आहे असं मला वाटेना. मीच मान हलवून कबूल करून आले होते.

जेवताना ते मुकाट्यानं जेवले. वाढताना माझ्या तोंडून शब्द निघेना. भात घालू का, एवढं विचारायचीही लाज वाटत होती, कारण विचारायचं ते त्याच आवाजात.

संध्याकाळी मी चारूला म्हटलं, "माझा आवाज काढून टाक त्यातून."

"आत्या, ते चार हुशार म्हातारे काहीही बोलतात. गाणं तुझ्या आवाजावर उभं आहे."

"मग पाडून टाक."

"तू खरंच सांगतेयस?"

"त्यात माझा आवाज आहे ना? मग माझ्या शब्दाला काही किंमत दे."

तिनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. मग पुण्याला गेली आणि तिथल्या एका गाणं शिकलेल्या मुलीकडून ते गाऊन घेतलं. महिनाअखेर गाणं गेलं, निवडलंही गेलं. मी फोनवर अभिनंदन केलं. अण्णा त्या रविवारबद्दल काही बोलले नाहीत, मी काही विचारलं नाही. कुंदाताईंकडचं हळदीकुंकू मात्र मी चुकवलं, पाय दुखतो म्हणून सांगितलं.

दिवाळीच्या सुट्टीत चारू आली ती सीडी घेऊनच. तब्येत सुधारली होती, गालांवर रंग आला होता. लोकांना गाणं आवडल्याचं सांगत होती. खर्ज तिनं मंडळानं सांगितल्याप्रमाणे उचलला होता, खरखर कमी केली होती, आणि त्या मुलीच्या आवाजाचं तर सगळेच कौतुक करत होते. किती स्वच्छ, किती सुरेल. दुपारची जेवणं झाल्यावर अण्णांनी स्वतःहून सीडी मागितली आणि बाहेरच्या खोलीत लावली. मी उठून आत जाणार होते, पण हातात पानाचं तबक होतं आणि ते वाटेत बसले होते.

त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "ही कोण?"

चारूनं मुलीचं नाव सांगितलं, कुणाकडं शिकते तेही सांगितलं.

"चांगली गाते. तयारी आहे." मग ते म्हणाले, "पण ही ती नव्हे. मी अभिप्राय राखून ठेवला होता तो हिच्याबद्दल नव्हता."

चारूनं माझ्याकडं बघितलं. मी तबकातली सुपारी उगाच पुन्हा कातरत होते. मग मीच बोलले. इतके महिने मनात होतं ते.

"तुम्हाला लाज वाटली होती ना, नाव सांगायची?"

"लाज?" ते माझ्याकडं वळून बसले. "हो, वाटली. पण तुझी नाही. बाहेरच्या माणसांचे सूर ओळखण्यात जन्म गेला माझा, आणि घरातलं माणूस गातं हे मला स्पीकरमधून कळलं. ती लाज वाटली."



"आणि नाव सांगितलं असतं तर काय झालं असतं माहितेय? हेरवाडे, नरगुंदे, त्या कुंदाताई, सगळ्यांनी जागच्या जागी मत फिरवलं असतं. अण्णांच्या घरातली म्हटल्यावर वा वा सुरू झालं असतं. ती थट्टा परवडली. ती वा वा मला ऐकवली नसती."

"मग घरी आल्यावर तरी सांगायचंत."

"काय सांगायचं? निम्मं लक्ष आवाज ओळखण्यातच गेलं माझं. गाणं नीट ऐकलंच नाही. राखून ठेवतो म्हणजे पुन्हा ऐकायचंय, एवढाच अर्थ त्याचा. मी वाट बघत होतो, पुन्हा कधी ऐकवतेस." मग ते सीडीच्या वेष्टनाकडं बघत म्हणाले, "तू काढूनच टाकलंस होय."

त्या खोलीत मला जितकं खाली बघावंसं वाटलं तितकं त्या माडीवरही वाटलं नव्हतं. लोकांनी नाकारला म्हणून मला तो आवाज टाकावा लागला, असं मी स्वतःला सांगत आले होते. लोक हसले होते एवढंच. टाकला मी. त्या सीडीवर आता दुसरी मुलगी होती, आणि ती कायमची असणार होती.

चारू उठली आणि बॅगेतून लॅपटॉप घेऊन आली. जुनं गाणं तिनं पुसलं नव्हतं. मी नको म्हणायच्या आत तिनं लावलं. घरात तो आवाज पुन्हा घोगरा, पुन्हा धापा टाकणारा. पळून जायला जागा नव्हती. समोर अण्णा, डोळे मिटलेले, बोटं मांडीवर ठेक्याच्या किंचित मागं पडत असलेली. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघायचं धाडस केलं आणि लगेच नजर काढून घेतली.

गाणं संपलं, त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "'जागीच'च्या पुढं श्वास घेतेस तू. तिथं ओळ तुटते. 'सांग' म्हटल्यावर घ्यायचा, आणि मग शेवटपर्यंत जायचं. एवढी एक चूक. बाकी त्या आवाजाला हात लावायचा नाही कुणी."

चाळीस वर्षांत त्यांनी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली होती, माझ्या हिशोबाला ठेवली होती. गाण्याला नाव ठेवलेलं हे पहिलंच.

"म्हण बघू ती ओळ," ते म्हणाले.

मी उठले आणि रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. समोरच्या ओट्यावर बायका वाती वळत बसल्या होत्या.

"खिडकी कशाला लावलीस? उघड ती."

मी त्यांच्यासमोर सतरंजीवर येऊन बसले. त्यांनी सांगितलं तिथं श्वास घेतला आणि ओळ म्हटली. त्यांनी ती पुन्हा म्हणायला लावली, आणि मग आणखी एकदा. खिडकी मात्र मी उघडली नाही.

पुढं ते होते तोवर दुपारी कधीतरी, पेपर बाजूला ठेवून, म्हण म्हणायचे. मी उठून आधी खिडकी लावायची. ते एकदा तिकडं बघायचे आणि डोळे मिटायचे.